बदलीचा माणूस

१

अंकुर कँपवर असला की आमच्या संध्याकाळचा क्रम ठरलेला असतो. आधी देवाजवळ दिवा, मग बाल्कनीत दोन मिनिटं उभं राहायचं, मग बाबाला फोन. दिया पाच वर्षांची आहे आणि क्रम मोडलेला तिला चालत नाही. मलाही चालत नाही, पण या वयात तसं बोलून दाखवता येत नाही.

अंकुर इथे आखातात, रुवैसच्या पुढे, वाळवंटातल्या एका प्लांटवर इंजिनियर आहे. तीन आठवडे तिकडे कंपनीच्या कँपमध्ये, मग एक आठवडा आमच्याकडे शहरात, अल बर्शाला. तिकडचा नियम असा, की त्याचं काम सांभाळणारा दुसरा माणूस कँपच्या गेटातून आत आला की मगच अंकुरने बाहेर पडायचं. तो आत आल्याशिवाय हा बाहेर नाही. ऑफिसात त्याला बॅक-टू-बॅक म्हणतात. पुण्याला माझ्या सासूबाई त्याला ‘बदलीचा माणूस’ म्हणतात, आणि आमच्या घरात तोच शब्द रुळला.

बदलीला वेद नावाचा एक मुलगा होता. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. तो कँपवर असतो तेव्हा माझा नवरा घरी असतो, एवढीच आमची ओळख, पण त्याच्या तब्येतीची काळजी मी स्वतःच्या भावापेक्षा जास्त केली असेल. सप्टेंबरात वेदने नोकरी सोडली. नवा माणूस मिळेपर्यंत अंकुरची सुट्टी बंद.

“मिळेल गं कोणीतरी, इन्शाल्ला,” तो फोनवर म्हणाला.

अंकुर इन्शाल्ला म्हणायला लागला की मी समजते, काही खरं नाही.

मी संख्याशास्त्रात एमएस्सी केलंय. म्हणजे एखादी वाईट गोष्ट घडायची शक्यता किती कमी आहे ते मला चोख सांगता येतं, आणि तरीही मी उठून मुलीचा श्वास चालू आहे ना ते बघून येते. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या. मीही ठेवतेच आहे.

२

दिवाळीत किल्ला करायचा हट्ट माझा. दियाच्या डोक्यातला किल्ला गुलाबी मनोऱ्यांचा होता. पण बाबाशिवाय दिवाळी आली तर निदान हातांना काहीतरी काम हवं, असं मला वाटलं. हात माझेच, हे वेगळं सांगायला नको.

ड्रॅगन मार्टमधून कुंडीतली माती आणली. बाल्कनीत एसीचं खोकं, त्यावर ओलं गोणपाट, त्यावर मातीचा लेप. पायऱ्यांना खडी. उतारावर मोहरी पेरली. पुठ्ठ्याचा दरवाजा केला, दोन कवाडांचा, सेलोटेपच्या बिजागऱ्यांवर उघडमीट होणारा. साताऱ्याला माझे बाबा आमच्या किल्ल्याचा दरवाजा दिवेलागणीला बंद करायचे आणि सकाळी उघडायचे. रात्री गड बंद असतो, म्हणायचे. ते मी दियाला सांगितलं आणि क्रमात आणखी एका गोष्टीची भर पडली. दिवा, बाल्कनी, दरवाजा, फोन.

मावळे सासूबाईंनी पुण्याहून पाठवले होते, अंकुरच्या मित्राबरोबर, नीरवबरोबर. नीरव अपराधी चेहऱ्याने डबा घेऊन आला. महाराज तेवढे शाबूत होते. मावळ्यांचा चुरा झाला होता. कुणाचं मुंडासं, कुणाची ढाल, एक सुटा पाय.

“सामानात वर ठेवायला हवे होते,” तो म्हणाला.

मी म्हटलं, असू दे रे, लढाईत होतं असं. तो गेल्यावर दियाने तो सुटा पाय महाराजांपुढे ठेवला आणि मला विचारलं, “व्हेअर डिड द रेस्ट ऑफ हिम गो?”

३

आमच्या मागच्या रस्त्याला जहांआराबाजींचं जुन्या सामानाचं दुकान आहे. देश सोडून जाणारे लोक जे विकून जातात ते सगळं तिथे येतं. पाळणे, ट्रेडमिल, भिंतीवरची घड्याळं. दियाची सायकल मी तिथूनच घेतली. त्या दिवशी मी नुसतं विचारलं, की छोटे सैनिक आहेत का, खेळण्यातले, प्लास्टिकचेही चालतील.

बाजींनी खजुराचा एक पत्र्याचा डबा काढला. आत कापसात गुंडाळलेली माणसं होती. बोटाएवढी, भाजलेल्या मातीची, खाकी रंग विटून मातीच्याच रंगाचा झालेला.

“पुरानी बड़ी जंग के टाइम के हैं,” त्या म्हणाल्या. “किसी फौजी ने कैंप में बैठे-बैठे बनाए थे, ऐसा बोलते हैं. सच-झूठ अल्लाह जाने. सैनिक तो हैं बेटा, मगर लड़ते नहीं.”

खरंच लढत नव्हते. एक जण तंबूच्या खांबाला आरसा टांगून दाढी करत होता. एक मोजा रफू करत होता, सुई डोळ्याजवळ धरून. एक बादलीतून अंगावर पाणी घेत होता, आणि त्या मातीच्या पाठीला गारठा लागलाय हे कळत होतं. एक ताटली घेऊन रांगेत उभा होता, पुढे मागे कुणी नसताना. एक जण ट्रंकेवर बसला होता, शेजारी वळकटी, हात गुडघ्यांवर, मान खाली. निघायच्या तयारीने बसलेला माणूस. कधीपासून, ते त्या मानेवरून कळत होतं.

आणि एक मांडी घालून बसलेला, उजवी मूठ डोक्यापर्यंत उचललेली. त्याच्यासमोर जमिनीला चिकटलेला एक गोल गोळा होता.

हा एकच मला जरा मावळ्यासारखा वाटला. मुठीतली तलवार तुटली असणार, आणि पुढ्यातला तो तोफगोळा. मी त्या गृहीतकावर खूश झाले.

बाजींनी भाव केला नाही. डबा हातात देताना मात्र विचारलं, घरी कोण कोण असतं. मी सांगितलं, मी आणि मुलगी, नवरा कँपवर.

“ये भी,” त्या डब्याकडे बघत म्हणाल्या.

४

किल्ल्यावर मोजे रफू करणारी माणसं बरी दिसत नाहीत. मी टूथपिक घेतल्या, चांदीच्या कागदात गुंडाळल्या आणि प्रत्येकाला फेविक्विकने एकेक तलवार चिकटवली. दाढी करणाऱ्याच्या वस्तऱ्यावर, रफूवाल्याच्या कोपरात, रांगेतल्याच्या ताटलीला टेकवून. मूठवाल्याच्या मुठीत तर अगदी मापाची बसली. मग तटावर, बुरुजांवर, बाहेर तोंड करून सगळे पहाऱ्याला उभे केले. ट्रंकवाला मात्र उभा करता येईना. त्याला दरवाज्याच्या आतल्या बाजूला ठेवलं, द्वारपाल म्हणून.

दिया हनुवटी गुडघ्यांवर ठेवून बघत होती.

“दे डोन्ट लाइक इट,” ती म्हणाली.

मी म्हटलं, मावळ्यांना गड राखायला आवडतं. दिवेलागणीला तिने दरवाजा लावला आणि आम्ही अंकुरला व्हिडिओ कॉल केला. त्याला किल्ला दाखवला. तो जवळ येऊन बघायला लागला, म्हणजे तिकडे स्क्रीनच्या जवळ. उन्हाने त्याचं नाक सोललं होतं. मला त्या नाकाला हात लावावासा वाटला, आणि माझा अंगठा काचेवर गेला तर कॉलच म्यूट झाला.

आवाज परत आला तेव्हा तो म्हणत होता, “तो ट्रंकवाला भारी आहे. इथे पण बसतात तसे.”

“कोण?”

“मुलं. ज्यांची सुट्टी अडकलीये ती. संध्याकाळी बॅग घेऊन गेटजवळ बसतात. बस येणार नसते, माहीत असतं. तरी बसतात.”

“आणि तू?”

तो हसला. “मला बॅग लागत नाही,” म्हणाला.

५

सकाळी तलवारी काढलेल्या होत्या.

पडल्या असत्या तर मी काही म्हटलं नसतं. बाल्कनीत वारा असतो, फेविक्विक मातीला नीट धरत नाही. पण सगळ्या तलवारी दरवाज्याशी एका ठिकाणी होत्या, टोकं वर, बुडं पसरलेली, एकमेकींच्या आधाराने उभ्या रचलेल्या. काम संपल्यावर हत्यारं ठेवावीत तशा. कुठल्याच मूर्तीवर गोंदाचा डाग नव्हता.

दियाला विचारलं. ती नाही म्हणाली. मुलं नाही म्हणतात. मी पुन्हा चिकटवल्या, दियाला लहान बोटांच्या कौशल्याबद्दल शाबासकी दिली आणि बाल्कनीच्या दाराची वरची कडी लावली, जी तिच्या हाताला येत नाही.

दुसऱ्या सकाळी तलवारी पुन्हा रचलेल्या. मग मी चिकटवणं सोडलं. हरले म्हणून नाही, टूथपिक संपल्या म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

दिया शाळेत गेली की दुपारी घर फार शांत असतं. एसी बंद केला की शेख झायेद रोडचा आवाज ऐकू येतो, सतत, लांब गेलेल्या पाण्यासारखा. त्या आवाजाच्या अलीकडे मला दुसरा एक आवाज ऐकू यायला लागला. खरखर. थांबून थांबून, लहान ओढीची. वाळलेल्या कातडीवरून पातं फिरावं तशी. मग भांड्यात पाणी ढवळल्यासारखं काही. मग कुणीतरी घसा खाकरायचं, बोलायच्या तयारीने, आणि मग बोलायचंच नाही.

मी बाल्कनीत गेले की थांबायचं. शेजारच्यांची बाल्कनी भिंतीपलीकडेच आहे, आवाज तिथला असू शकतो, शक्यता भरपूर. मी शेजारच्यांचा विचार करत करत आतून कडी लावायचे. मग खिडकीशी उभी राहायचे. खरं सांगायचं तर भीती वाटायची, पण नुसती भीती नव्हती. घरात पुरुषमाणूस दाढी करतोय असा आवाज मी किती दिवसांत ऐकला नव्हता. आमचं नवीन लग्न झालं तेव्हा अंकुर बाथरूमचं दार उघडं ठेवून दाढी करायचा आणि मी ऐकत पडून राहायचे.

वसुबारसेच्या दिवशी खाली नातूर अक्रमने, म्हणजे आमच्या इमारतीच्या राखणदाराने, किराण्याच्या पिशव्या लिफ्टपर्यंत आणून दिल्या. आणि सहज म्हणाला, “साहब आ गए, मॅडम? अच्छा हुआ. सुबह बालकनी में दाढ़ी बना रहे थे.”

मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला माहीत नाही. बहुतेक ते वाक्य ऐकायला बरं वाटलं म्हणून.

६

लक्ष्मीपूजनाला अंकुर आला नाही. नवा माणूस ठरला होता, मग त्याचा व्हिसा अडकला, मग तो माणूसच नाही म्हणाला. हे सगळं अंकुरने फार शांतपणे सांगितलं. मला ती शांतताच नको होती. आधी तो चिडायचा, मॅनेजरला शिव्या द्यायचा, मग मी त्याला गप्प करायचे. आता तो म्हणाला, इथे बरं आहे गं. संध्याकाळी वारा सुटतो. आम्ही बसतो गेटपाशी.

“आम्ही?”

“हो, आम्ही,” तो म्हणाला, आणि क्षणभर मला आठवेना की त्याचा आवाज पूर्वी कसा होता.

फोन ठेवल्यावर सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी आमचा फराळ बघितला, रांगोळी बघितली, मी रडतेय का ते बघितलं, आणि म्हणाल्या की मुग्धा, माणूस जागेवर नसला तरी ताट वाढून ठेवावं, घर सवय सोडत नाही. मी बरं म्हटलं.

दिया बाल्कनीत किल्ल्यासमोर बसली होती. दिवे लागले होते, रस्त्यापलीकडच्या इमारतींतल्या कितीतरी बाल्कन्यांत माळा लुकलुकत होत्या. मोहरी उगवून आली होती. दरवाज्याचं एक कवाड तिच्या बोटात होतं, पण ती ते लावत नव्हती.

“आई, हाऊ विल दे गो होम?”

“कोण, सोना?”

तिने ट्रंकवाल्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, ते ड्यूटीवर आहेत, दिवाळीत ड्यूटी असते कधी कधी.

“लाइक बाबा.”

“हो.”

“देन इट्स मीन टु क्लोज इट.”

मी तिचा हात कवाडावरून काढला आणि दोन्ही कवाडं बाहेरच्या बाजूला पूर्ण उघडून ठेवली. आत येताना बाल्कनीच्या दाराची वरची कडी लावायची राहिली. राहिली असं मी लिहितेय. मी तिथे उभी होते, हात वर केला होता, आणि लावली नाही.

७

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी उरलेल्या भाजणीच्या चकल्या तळत होते. दिया हॉलमध्ये चित्र काढत होती. ऊन उतरलं होतं, दिवा अजून लावायचा होता, घरात तो मधला उजेड होता ज्यात वस्तू दिसतात पण रंग दिसत नाहीत.

दिया स्वयंपाकघराच्या दारात आली आणि माझ्या कुर्त्याला धरून उभी राहिली.

“समवन केम,” ती म्हणाली.

मी गॅस बारीक केला आणि वाकून बघितलं. डायनिंग टेबलाशी, माझ्याकडे पाठ करून, अंकुर बसला होता. खाकी कामाचे कपडे, रापलेली मान, कानामागे धूळ. शेजारी खुर्चीवर काहीतरी गुंडाळी ठेवलेली. त्याच्याकडे किल्ली असते. तो असं करतो, न सांगता येतो.

आता लिहिताना सगळं दिसतं. बूट दारात नव्हते. दार उघडल्याचा आवाज आला नव्हता. दिया त्याच्याकडे धावली नव्हती, आणि ती बाबाकडे लिफ्टचा आवाज आला की धावते. पण मी किती आठवडे त्या खुर्चीकडे बघत होते. खुर्ची भरली होती. मी आणखी काही बघितलंच नाही.

मला पळत जाऊन त्याच्या मानेला मिठी मारता आली असती. तेल तापलं होतं म्हणून मारली नाही. त्या तेलाचे उपकार मी विसरणार नाही.

मी तिथूनच बोलायला लागले. किती बोलले. फोन का केला नाहीस, आईंना सांगितलंस का, बदलीचा माणूस मिळाला का शेवटी. दियाचा दात हलतोय. गीझर गळतोय. मला रोज वाटतं तू येणारच नाहीस आणि रोज वाटतं की असं वाटणं मूर्खपणाचं आहे. चकल्या काढता काढता माझे डोळे वाहत होते आणि मी ते खांद्याला पुसत होते. तो ऐकत होता. मध्ये एकदा घसा खाकरला, बोलायच्या तयारीने.

मी ताट वाढलं. चकली, चिवडा, दुपारची भाकरी, पिठलं. त्याच्या मागून हात घालून पुढे ठेवलं. त्याच्या अंगाला रॉकेलचा आणि कडक साबणाचा वास होता. कँपवर नवीन साबण आला असेल.

तो सगळ्या ताटाकडे नुसता बघत राहिला. मग भाकरीवर तळहात ठेवला. खाण्यासाठी नव्हे, ती गरम आहे का बघावं तसा.

“कांदा असेल का?” तो म्हणाला.

आवाज बसलेला होता. वाळूने बसतो. मी टोपलीतला एक कांदा दिला, सुरी आणते म्हटलं आणि वळले.

धप्.

मी मागे बघितलं. त्याने कांदा टेबलावर ठेवला होता, मांडी घालून खुर्चीवर बसला होता आणि मूठ वर उचलली होती. अंकुर कांदा चिरून, पाण्यात घालून, लिंबू पिळून खातो. मूठ पुन्हा वर गेली, डोक्यापर्यंत, आणि तिथे क्षणभर थांबली.

ती मूठ मी ओळखत होते. तिच्यात मी तलवार चिकटवली होती.

त्याच वेळी ओट्यावरचा माझा फोन वाजला. स्क्रीनवर अंकुरचा फोटो, काइट बीचवर दिया त्याच्या खांद्यावर बसलेली.

मूठ आपटली नाही. हळूच टेबलावर ठेवली गेली. त्यानेही ऐकलं होतं.

मी दियाला मागे धरलं आणि फोन उचलला. वाऱ्याचा आवाज येत होता.

“मुग्धा, ऐक, गंमत सांगतो,” अंकुर म्हणाला. “बदलीचा माणूस निघालाय म्हणतात. कागदोपत्री निघालाय. अजून पोचला नाही. मी गेटवर बसलोय. तो आत आला की मी सुटलोच.”

“कुठून निघालाय?”

“काही कळत नाही. इथे म्हणतात, आधी त्याची सुट्टी होऊ दे, मग येईल. तो कसली सुट्टी घेतोय, मी दोन महिने—” वारा मध्ये आला. मग अगदी हळू, “मुग्धा, मला इथे कधी कधी आठवत नाही आपल्या घराचा दरवाजा कुठल्या बाजूला आहे ते.”

मी फोन छातीशी धरला. टेबलाशी बसलेला हलला नव्हता. त्याच्या मानेवर सुरकुत्या होत्या, बारीक, भाजलेल्या मातीला तडे जातात तशा. त्याने एक घास घेतला होता, फक्त एक, आणि तो तोंडात तसाच धरून ठेवला होता.

मी किंचाळले असते तर बरं झालं असतं. पण दिया घाबरली असती, आणि मला तो एक घास दिसत होता.

“तुम्ही जेवून घ्या,” मी म्हटलं. माझाच आवाज. “मग तुम्हाला जायला हवं. तिकडे माझे यजमान बसलेत.”

मग त्याने मान हलवली. नकाराची नव्हे. सवयीची.

“सुट्टी कधीच पुरत नाही, बाई,” तो म्हणाला.

तो जेवला. मी भिंतीकडे तोंड करून, दियाचं डोकं पोटाशी धरून उभी राहिले आणि ऐकत होते. भाकरी मोडल्याचा आवाज, कांद्याचा आवाज, पाणी पिताना घशाचा आवाज. इतकं सावकाश कुणी जेवताना मी ऐकलं नव्हतं. शेवटी मी डोळे न उचलता उरलेल्या भाकऱ्या आणि चकल्या फडक्यात बांधल्या आणि मागे न बघता टेबलाच्या कडेला ठेवल्या. बाकीच्यांना, असं म्हणणार होते. म्हटलं नाही.

खुर्ची सरकली. पावलं मुख्य दाराकडे गेली नाहीत. बाल्कनीकडे गेली.

दियाने माझ्या हाताखालून बघितलं. मी तिचे डोळे झाकायला उशीर केला.

“ही इज फोल्डिंग हिमसेल्फ,” ती म्हणाली.

८

अंकुर दुसऱ्या दिवशी दुपारी आला. बेल वाजवून, घामेजलेला, बॅग दारातच टाकून. दिया लिफ्टचा आवाज ऐकूनच धावली होती. मी त्याच्या सोललेल्या नाकाला हात लावला. मग मी त्याला कांदा चिरून दिला आणि तो लिंबू शोधायला उठला, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

त्याने सांगितलं, बदलीचा माणूस संध्याकाळनंतर आला. सगळे गेटपाशी बसले होते, कुठल्या गाडीने आला कुणी बघितलं नाही. वय सांगता येत नाही. बोलत नाही फारसं. काम विचारलं तर मान हलवतो.

“वळकटी घेऊन आला, विचार कर. वळकटी. आणि फडक्यात चकल्या. सगळ्यांना वाटल्या त्याने. मी नाही खाल्ली, घरी येऊन खाणारच होतो.” मग तो ओट्याकडे बघू लागला. “वास मात्र अगदी तुझ्या भाजणीचा होता.”

मी म्हटलं, सगळ्यांची भाजणी सारखीच असते.

आठवडा चांगला गेला. मी एवढंच लिहीन, कारण तो माझा आहे. पलंगाची डावी बाजू गरम होती. बाथरूमचं दार उघडं ठेवून तो दाढी करायचा आणि मी ऐकत पडून राहायचे. बाल्कनीतून दुपारी कसलाच आवाज येत नव्हता.

किल्ल्यापाशी मी फक्त एकदा गेले. मूठवाला जागेवर नव्हता. तिथे मोहरी दबलेली होती, मांडीच्या आकाराची. बाकीचे होते. पण कुणीच आता बाहेर तोंड करून पहारा देत नव्हतं. सगळे दरवाज्याकडे वळले होते, आणि ट्रंकवाल्यामागे रांग लागली होती. ताटलीवाला तिच्यात दुसरा होता. आता त्याच्या पुढे आणि मागे माणसं होती.

किल्ला मोडायचा का, अंकुरने विचारलं. तुळशीचं लग्न होऊ दे, मी म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं तेव्हा दुसरं काहीतरी कारण सांगितलं.

९

आज रविवार. अंकुर दुपारी गेला. निघताना मी दाराशी त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली, ती नीट असताना. म्हटलं, आणखी एक दिवस राहा, तब्येतीचं सांग काहीतरी.

त्याने माझ्या कपाळाला कपाळ लावलं.

“नाही गं, तो बिचारा अडकलाय तिकडे,” तो म्हणाला. “मी आत गेल्याशिवाय त्याला सुटता येत नाही. त्यालाही घर असेल ना.”

लिफ्टचं दार बंद झालं. दिया थोडी रडली, मग तिचं तिनेच आवरलं आणि बाल्कनीत गेली. मी तिला थांबवलं नाही. तिने पुठ्ठ्याची दोन्ही कवाडं उघडल्याचा आवाज आला, सेलोटेपचा, सुटत चाललेल्या कागदाचा.

रुवैसच्या पुढे पोचायला वेळ लागतो. अंकुर गेटातून आत जाईल तेव्हा इथे दिवेलागण होत आलेली असेल, तोच मधला उजेड. मी अजून ठरवू शकते. बाल्कनीच्या दाराची वरची कडी आहे. खजुराचा डबा आहे, कापूस आहे, जहांआराबाजींचं दुकान नऊपर्यंत उघडं असतं. पण मी डबा परत केला आणि तिकडे बदलीचा माणूस मिळालाच नाही तर? अंकुर पुन्हा त्या शांत आवाजात सांगेल की इथे बरं आहे. मी हे सगळं पुन्हा पुन्हा मांडून बघते आणि उत्तर दर वेळी एकच येतं. ते बरोबर आहे म्हणून येतं, की मला हवं आहे म्हणून, तेवढंच कळत नाही.

आणि कुणासाठी हवं आहे, तेही आता कळत नाही. दुपारपासून मी कान देऊन ऐकतेय. अंकुरच्या फोनसाठी, असं मी म्हणतेय.

दियाने देवाजवळ दिवा लावला. मी परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, आम्हा दोघींपुरतं. गरम पाणी ओतलं. मग डब्यात हात घातला आणि आणखी एका माणसाचं घेतलं.

बाल्कनीत कुणीतरी घसा खाकरला.

मी रांगेतल्या सगळ्यांचं पीठ घेतलं आणि मळायला लागले.